पुढचं वाक्य देणारे बाबा

भाजीबाजारात वांगी घेतानासुद्धा हा माणूस कुजबुजत बोलायचा. भाजीवाली वैतागून म्हणायची, "जोर से बोलो ना काका, कान में क्या बोल रहे हो?" मग ते आणखी हळू बोलायचे. शेवटी ती टोपलीवरून वाकून कान पुढे करायची आणि आजूबाजूची गिऱ्हाइकंही गप्प होऊन ऐकायला लागायची, एवढं गुपित काय चाललंय म्हणून. गुपित काही नसायचं. "कोवरे द्या बाई, बियाचे नोको," एवढंच.

याच माणसाबद्दल आमच्या गोंदियात अजून एक गोष्ट सांगितली जाते. परवा केस कापायला बसलो होतो, तिथेही निघाली. "वही ना, जिसने अस्पताल में गाना बजा के बच्ची को मार ही डाला था?" न्हाव्याने मला आरशातून विचारलं. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यालाही कळलं नाही आणि मलाही.

ती गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे मला जेवढं ठाऊक आहे तेवढं दुसऱ्या कुणाला असणं शक्य नाही. का, तेच सांगायला बसलो आहे. पण आधी माणूस कसा होता ते सांगायला हवं. नुसती ती घटना सांगितली तर त्यांच्या वाट्याला पुन्हा तेवढंच येईल.

ते नाटकाचे प्रॉम्टर. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंच उभा राहतो आणि पंचक्रोशी लोटते. नटमंडळी आज या गावात, उद्या त्या गावात. तालमीला वेळ कुणाला? म्हणून मंचाच्या पुढच्या कडेला एक खड्डा असतो, त्यात प्रॉम्टर बसतो आणि सगळ्यांची सगळी वाक्यं पुटपुटत राहतो. नटाला ऐकू गेलं पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जाता कामा नये. अशा खड्ड्यात या माणसाचं आयुष्य गेलं होतं. त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. "लोकायनं हिरोले पाह्यलं, पन हिरोच्या तोंडात कोन होता? मी होतो," असं ते मलाच काय, दवाखान्यातल्या वॉचमनलाही ऐकवायचे. तेही कुजबुजत.

मी लहान मुलांचा डॉक्टर. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग माझ्याकडे होता. त्यांच्या मुलीला दिवस भरायच्या आत बाळ झालं आणि आमच्याकडे ठेवलं, तेव्हा हे गृहस्थ पहिल्यांदा आले. नाटकांचा हंगाम संपलेला होता. नात बरी होऊन घरी गेली तरी हे येतच राहिले. "घरी काय करू जी? बुढी बोलू देत नाई," म्हणायचे. दाराशी आमच्या मोठ्या सिस्टर उभ्या असायच्या. त्या रोज त्यांना तोंड उघडायला लावून आत खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, नाही याची खात्री करायच्या आणि हात धुवायला पिटाळायच्या. बाबा आज्ञाधारकपणे आ करायचे. त्या आमच्या रिटायर व्हायला आलेल्या बाई इतर कुणाशी हसल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवसांत माझ्या डोक्यात संगीताचं खूळ होतं. अशा बाळांना हळू आवाजातलं गाणं बरं वाटतं, श्वास लयीत येतो, आईची भीती कमी होते, असं मी वाचलं होतं. मी एक लहानसा स्पीकर आणला, त्यावर बासरी लावली. बाळांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग आयांना सांगितलं, तुम्ही म्हणा. भिंतीवर सूचनाच लावली, की प्रत्येक आईने बाळाला छातीशी घेऊन पाळणा म्हणावा. एकही आई तोंड उघडेना. मी समजलो, लाजतात. रागावलोसुद्धा एक-दोघींवर.

बाबा ती सूचना पुन्हा पुन्हा वाचायचे आणि हसायचे. शेवटी मी विचारलं, "काय झालं?"

"डॉक्टर साहेब, तुमी पह्यल्याच अंकात शेवटचा परवेश मागून राहिले."

"म्हणजे?"

त्यांनी मला सरळ एका सासूबाईंसमोर नेलं. दवनीवाड्याकडचं पोवारांचं शेतकरी घर होतं. सून आत बाळाजवळ, सासू बाहेरच्या बाकावर. बाई घरी पोवारी बोलायच्या, आमच्याशी इकडची बोली. "सांगा साहेबाले," बाबा म्हणाले.

"सांगाचं काय त्याच्यात? लेकराचं नाव कोठी ठेवलं अजून? नाव ठेवल्याबिगर पाळणा कोन म्हनते? बारशाचा असते पाळणा. बिननावाच्या लेकराले म्हनला आन मंग..." एवढं बोलून बाई थांबल्या. पदर तोंडाला लावून दुसरीकडे पाहायला लागल्या.

मी याच जिल्ह्यात जन्मलो, वाढलो. माझ्या घरातही बारशी झाली. पण पाळणा कधी म्हणायचा असतो, हे बायकांना विचारावं असं मला कधी सुचलं नव्हतं. जी बाळं जगतील की नाही याची खात्री नाही, त्यांच्या आयांना मी नामकरणाचं गाणं गायला लावत होतो.

सूचना मी स्वतः फाडली. मग बाबा आणि मी दोघे मिळून चुका करायला लागलो. खरंच, त्या काळाचं दुसरं वर्णन करता येणार नाही. बाबांची काही मतं ठाम होती आणि साफ चुकीची होती. वांगं खाल्लेल्या बाईचा सूर फाटतो, हे एक. बाळाला डाव्या कानाने ऐकू येत नाही, तो कान अजून "कच्चा" असतो, हे दुसरं. मी मॉनिटरकडे बोट दाखवून म्हणायचो, बघा, डावीकडून गुणगुणलं तरी तेच आकडे. त्यावर ते म्हणायचे, "मशीन खोटी बोलते." माझीही मतं होती. शास्त्रीय सूर चांगले, हे त्यातलं एक. तेही टिकलं नाही. पण स्टीलचे ट्रे आपटू नयेत म्हणून त्याखाली कापड घालायचं, हे त्यांनी सुरू केलं आणि मी ते लगेच मान्य केलं. बाळाने पंजे फाकवले, भुवया आवळल्या की गाणं तिथेच थांबवायचं, हे मी शिकवलं आणि त्यांना ते फार आवडलं. "म्हंजे नट घाबरला," ते म्हणाले. "मंग वाक्य नाई द्याचं. त्याले श्वास घेऊ द्याचा."

आणि ते स्वतः कधीही गायले नाहीत. मी एकदा आग्रह केला, तर चिडले. "मी कायले गाऊ? लेकराची माय मी हाय का?"

दवनीवाड्याच्या त्या सुनेचं बाळ सगळ्यांत लहान होतं. मुलगी. बापाची अंगठी तिच्या मनगटात सहज गेली असती. आई तिला हात लावायला घाबरायची. काचेतून बघायची आणि बाहेर येऊन सासूशेजारी बसायची. सासरे आणि दीर रोज येऊन विचारायचे, "घरी नेऊ का?" घरी नेली असती तर ती जगली नसती, हे मी त्यांना सांगून थकलो होतो. आईने तिला धरलं, तिच्याजवळ राहिली, तरच ही माणसं दवाखान्यात टिकतील, हे मला आणि सिस्टरना दिसत होतं.

"मले तं गानं येतच नाई," सून म्हणाली.

"आयकलं का?" सासू उसळली. "रोवण्यात तं साऱ्या बांधीले आयकू जाये येवढी गात होती! आता मुकी झाली."

"ते रोवण्याचं हाय माय. ते का दवाखान्यात म्हनतेत?"

"काऊन नाई म्हनत?" बाबांनी विचारलं.

रोवण्याचं गाणं म्हणजे चिखलात वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावताना बायका म्हणतात ते. त्याला बारशाची वाट पाहावी लागत नाही. सिस्टरनी आईला खुर्चीत मागे टेकवलं, बाळ तिच्या छातीवर उघड्या अंगाला लावून दिलं, वरून कापड गुंडाळलं. खुर्चीमागे आमचाच हिरवा पडदा ओढला आणि पडद्यामागे स्टुलावर बाबा बसले. आईचा कान पडद्यापासून हातभर. बाबांनी पुटपुटून पहिली ओळ दिली, ती ओळ त्यांनी सासूकडून घोकून घेतली होती. "एक एक पऱ्हा बाई, हरूहरू उभा राहू दे." आई गप्प. त्यांनी पुन्हा दिली, तशीच, न कंटाळता. मग तिच्या गळ्यातून काहीतरी निघालं. गाणं म्हणता येणार नाही, घशातली थरथर म्हणा. बाळाचा गाल तिथेच टेकलेला होता.

गंमत पुढे होती. आई घाबरून घाईने म्हणत होती. रोवण्याची लयही तशी चालतीच असते. बाबा काय करायचे, तर पुढची ओळ उशिरा द्यायचे. सिस्टर पडद्याच्या कडेला, त्यांना दिसतील अशा उभ्या राहून, बाळाकडे बघत बोट वर करून ठेवायच्या. बोट खाली आलं की ओळ. तोवर आई ओढत राहायची, तिचाच श्वास लांब व्हायचा. "पळत्या नटाले असंच धरा लागते," बाबा मला नंतर म्हणाले. "थांब म्हटलं तं तो थांबत नाई. पुढचं वाक्यच नाई द्याचं."

गाण्याने वजन वाढलं, आजार गेला, असं मी कुठेही म्हणणार नाही. काही दिवशी मॉनिटरवर फरक दिसायचा, काही दिवशी नाही. मला दिसलं ते एवढंच, की आई बाळाला धरून आधीपेक्षा जास्त वेळ बसायला लागली, तिला दूध येऊ लागलं आणि सासरे "घरी नेऊ का" विचारायचे थांबले. इतर आयाही मग आपापली गाणी घेऊन यायला लागल्या. सालेकशाकडच्या एका आईने गोंडी गाणं आणलं. बाबांना त्यातला शब्द कळत नव्हता, तरी त्यांनी ते पाठ केलं. आया त्यांना "परदेवाले बाबा" म्हणायला लागल्या आणि बाबा फुगून बसले.

अशात नागपूरहून पाहणीला माणसं येणार असं कळलं. माझ्या विभागात संगीताने काही चाललंय हे वर पोचलं होतं. मी आदल्या दिवशी बाबांना बाजूला घेतलं.

"उद्या येऊ नका. पाहुणे आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या खर्ऱ्याने लाल झालेल्या दातांकडे बघत होतो, आणि मी काय बघतोय ते त्यांना कळलं.

"पडदाबी काढू का?" त्यांनी विचारलं.

"हो, काढाच."

त्यांनी तो स्वतः घडी करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे त्या आईच्या खुर्चीभोवती अर्धगोल करून उभे राहिले. बाळ तिच्या छातीवर. "म्हणा," मी म्हणालो. ती मागे वळून बघायला लागली. मागे भिंत होती. "म्हणा हो, रोजचं," मी पुन्हा म्हणालो, जरा जोरात. तिचे ओठ हलले, आवाज नाही. पाहुण्यांपैकी एकाने घड्याळ बघितलं.

माझा तो जुना स्पीकर खुर्चीशेजारच्या फळीवर अजून पडलेला होता आणि तो माझ्या फोनला जोडलेला होता. मी खिशात हात घातला आणि बासरी सुरू केली. आवाज केवढा ठेवलेला होता हे मी पाहिलं नव्हतं.

बाळाने दोन्ही हात फाकवले आणि श्वास घेणंच सोडून दिलं. अलार्म वाजला. ती निळी पडली. सिस्टरनी तिला उचललं, पाठ चोळली, तळव्याला टिचक्या मारल्या, नळी लावली. मी खिशातल्या खिशात बासरी बंद केली आणि मदतीला धावलो. बाळ रडलं तेव्हा त्या खोलीतल्या सगळ्यांनी श्वास घेतला.

"हा स्पीकर इथे कुणी ठेवला?" पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्या डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हणालो, "इथे एक नाटकवाला येतो सर. त्याचे हे उद्योग. आजपासून बंद करतो."

हे वाक्य मला कुणी दिलेलं नव्हतं. ते माझं मलाच सुचलं, न अडखळता. सिस्टरनी बाळाची टोपी सरळ करता करता माझ्याकडे बघितलं. त्यानंतर त्या माझ्याशी कामापलीकडे कधीच बोलल्या नाहीत.

गेटवर सांगितलं गेलं, त्या माणसाला आत सोडू नका. का सोडू नका, ते वॉचमनने चहावाल्याला सांगितलं, चहावाल्याने गावाला. बाबा आले, वॉचमनने अडवलं, त्यांनी कारण ऐकून घेतलं. भांडले नाहीत. मला भेटायचा हट्ट धरला नाही. मला वाटलं, सुटलो. आई मात्र पुन्हा बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि सासऱ्यांनी पुन्हा विचारलं, "घरी नेऊ का?"

मग एका सकाळी मी खिडकीतून पाहिलं. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बाबा बसले होते आणि ती सासू त्यांच्याकडे कान करून वाकली होती. बाबांचे ओठ हलत होते. अधूनमधून ते हात वर धरून तिला थांबवायचे. तिने तोंड उघडलं की मान हलवायचे, अजून नाही, अजून नाही. ओळ उशिरा कशी द्यायची, ते शिकवत होते.

त्या दिवशी सासू सिस्टरकडे गेली. "तो परदा पुन्हा लावा बाई," म्हणाली. तोंड उघडून दाखवलं, हात धुतले आणि स्टुलावर जाऊन बसली. सून पुन्हा गायली. मी पलीकडे उभा राहून मॉनिटर बघत होतो. वास्तविक एक माणूस पाठवून टपरीवरून त्यांना आत बोलवायला किती वेळ लागला असता? मी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर का बोलावलं ते सांगावं लागलं असतं.

मुलगी जगली. घरी गेली, तिचं बारसं झालं. त्या बारशाला बाबांना मानाने बोलावलं होतं, असं सिस्टरनी एका नर्सला सांगितलं, मला ऐकू येईल अशा बेताने. आमच्या विभागात पुढे तीच रीत पडली, बाळाची आई खुर्चीत आणि तिची सासू किंवा तिची आई पडद्यामागे. लोक बघायला यायचे आणि ही कल्पना फार छान आहे असं मला म्हणायचे. मी "प्रयत्न करतो आहोत" असं म्हणायचो. आणि गावात बाबा बाळ मारणारा माणूस होऊन राहिले. एका नाटक मंडळाने तर त्यांना एक हंगाम घेतलंही नाही, बायाबापड्या नावं ठेवतील म्हणून.

मी निवृत्त झालो. गेल्या हंगामात दवनीवाड्याजवळच्या एका गावातून नाटकाच्या उद्घाटनाला या, असं बोलावणं आलं. जाहिरातीच्या कागदावर प्रॉम्टर म्हणून त्यांचं नाव बघितलं आणि मी ठरवलं, आज सगळ्यांसमोर सांगायचं. दिवेलागणीला मंचावर चढलो. हार झाला, नारळ झाला. समोर बांधीभर माणसं, आणि पायाशी खड्ड्यात ते, केस पांढरे, पुढ्यात नाटकाची वही.

मी बोलायला लागलो. धानाच्या पिकापासून सुरुवात केली. मग म्हणालो, "या मंडळातल्या एका माणसाबद्दल मला आज बोलायचं आहे. आमच्या दवाखान्यात एकदा..." आणि पुढचा शब्द येईना. मागून कुणीतरी ओरडलं, "डॉक्टर साहेब, गोळी घ्या, गोळी!" बांधी हसली.

तेव्हा पायाशी ओळखीची कुजबुज आली. पहिल्या रांगेला ऐकू न जाणारी. "असे पुष्कर अनुभव हायेत, पन आज नाटक म्हत्त्वाचं. मंडळाले माह्या शुभेच्छा."

मी ते वाक्य घेतलं. शुद्ध मराठीत, बाकी जसंच्या तसं म्हटलं. टाळ्या झाल्या.

खाली उतरल्यावर मी खड्ड्याशी जाऊन वाकलो. ते वहीची पानं लावत होते.

"का वाचवलंत मला?" मी विचारलं.

"वाचवलं कोठी जी? तुमी अटकले. अटकलेल्याले वाक्य देनं माहं कामच हाय."

"मला दुसरं वाक्य म्हणायचं होतं."

"मले मालूम हाय."

"मग ते का नाही दिलंत?"

त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "जे लिवलं हाय तेच मी देतो. माह्या मनचं वाक्य मी आजवर कोनाच्याच तोंडात घातलं नाई. शुभेच्छा तं सारेच पाहुने देतेत, म्हनून ते पाठ हाय. तुमचं कोठी लिवून होतं?" मग मला हाताने बाजूला सारलं. "सरका. परदा वर जाऊन राहिला. खुर्चीवर बसा अन नाटक पाहा."

आता लिहिलं आहे. तो स्पीकर माझा होता. फोन माझ्या खिशात होता आणि बासरी मी लावली. त्या वेळी ते दवाखान्यात नव्हते, कारण मीच त्यांना येऊ नका म्हटलं होतं. ती मुलगी आज शाळेत जाते ती सिस्टरच्या हातामुळे, आईच्या गळ्यामुळे आणि टपरीवर बसून ओळी देणाऱ्या या माणसामुळे.

दिवाळीनंतर त्यांच्या मंडळाचं पहिलं नाटक ज्या गावात असेल तिथे मी न बोलावता जाणार आहे. हे कागद आधी खड्ड्यात देईन आणि मग मंचावर चढेन. अडकलो, तर या वेळी त्यांच्यापुढे माझं वाक्य लिहिलेलं असेल.